वाचक विचारतात: ख्रिस्ती श्रद्धा आणि इथली माती

ख्रिस्ती श्रद्धेकडे आदिवासी, दलित आणि एकूणच देशी नजरेनं पाहिलं तर उपासनेत आणि विचारात काय बदलतं, असं आम्ही गेल्या अंकात विचारलं होतं. नागपूर आणि जिल्ह्यातून बरीच पत्रं आली. सारख्या आशयाची पत्रं एकत्र करून निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. पत्रलेखक कॅथलिक, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट असे वेगवेगळे आहेत, म्हणून कुणाला काय लागू पडतं ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे.

प्रश्न: ईस्टरला आमच्या पॅरिशमध्ये आरती झाली. घरी आल्यावर काकांनी "हे मिस्सात (कॅथलिक उपासनाविधीत) चालत नाही, हे हिंदूंचं" म्हणून वाद घातला. परवानगी आहे की नाही? आणि करायची तर नेमकी कशी? (एक वाचक, सेमिनरी हिल्स)

आहे, आणि ती जुनी आहे. भारतातल्या कॅथलिक बिशपांनी मागितलेल्या बारा बाबींना रोमनं २५ एप्रिल १९६९ रोजी मान्यता दिली. चपला बाहेर काढणं, जमिनीवर बसणं, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून वाकून नमस्कार, सुरुवातीला पंचांग प्रणाम, वेदीचं चुंबन न घेता हातानं स्पर्श करून तो हात कपाळाला लावणं, शांतीचा नमस्कार, मेणबत्त्यांऐवजी तेलाचे दिवे, साखळीच्या धूपपात्राऐवजी दांडीचं साधं धुपाटणं, वेदीवरच्या चौकोनी कापडाऐवजी ताट, झग्यावर अंगवस्त्र, विश्वासूंच्या प्रार्थनेत थोडी उत्स्फूर्तता, आणि आरती. यातलं काहीच सक्तीचं नाही. त्या त्या भागाच्या बिशपांनी ठरवायचं असतं. त्यामुळे एका धर्मप्रांतात रोज होणारी गोष्ट दुसऱ्यात वर्षानुवर्षं दिसत नाही. काकांना नियम दाखवता येईल. पण मिस्साला येणाऱ्या अर्ध्या लोकांना ते रुचत नसेल, तर नियमाच्या जोरावर रेटू नये असं आमचं मत आहे.

आता कृती. आरती दोन जागी येते आणि दोन्हींचा अर्थ वेगळा आहे. सुरुवातीला धर्मगुरूंचं स्वागत होतं ते एकेरी. ते घरच्या औक्षणासारखं समजा, त्यात पूजेचा भाव नाही. दुसरी आरती अर्पणाच्या वेळी किंवा महाप्रार्थनेच्या (भाकर-द्राक्षारसावरच्या मुख्य प्रार्थनेच्या) शेवटी, ती दुहेरी किंवा तिहेरी: आधी फुलं, मग धूप, मग दीप. बहुतेक ठिकाणी नेमकं इथेच उलटं होतं. प्रवेशाला फादरांभोवती तीन ताटं फिरतात, फोटो निघतात आणि वेदीपाशी एक दिवा घाईघाईनं ओवाळला जातो. काकांच्या रागाचं मूळ कदाचित याच दृश्यात असेल.

महाप्रार्थनेच्या शेवटचं स्तुतिवचन अर्ध्या मिनिटात संपतं, तिहेरी आरतीला किमान दोन मिनिटं लागतात. मग मुली ताट घेऊन शांततेत अवघडून उभ्या राहतात. यावर उपाय म्हणजे "आमेन" गाऊन लांबवायचा आणि गायनवृंदाला ते आधी सांगून ठेवायचं. धुपाटण्यातला कोळसा दहा मिनिटं आधी पेटवा, त्यावर राख धरली की चमचाभर लोबान टाका. काळ्या निखाऱ्यावर टाकलात तर नुसता धूर होतो आणि पुढच्या बाकावरचे खोकत बसतात. दिव्याला तुपात भिजवलेली फुलवात चांगली. पातळ स्टीलच्या ताटात कापूर लावू नका, ताट खालून तापतं आणि धरणारीचा हात भाजतो. आणि नागपुरात ईस्टर बहुधा एप्रिलमध्ये येतो. कूलर सुरू असतात. आरतीपुरते ते बंद करायची जबाबदारी एका माणसावर नावानिशी टाका, नाहीतर तिन्ही दिवे वेदीपर्यंत पोहोचण्याआधीच विझतात.

आदिवासी नाचाबद्दलही दोघांनी विचारलं आहे. या बारा बाबींत नाचाचा स्वतंत्र उल्लेख नाही, म्हणून तो बिशपांना विचारूनच करावा. मेक्सिकोतल्या चियापासच्या त्सेल्ताल, त्सोत्सिल वगैरे आदिवासी समाजांसाठी रोमनं नोव्हेंबर २०२४ मध्ये विधिवत नाच, स्त्रियांच्या हातून धूप आणि समाजातल्या ज्येष्ठानं प्रार्थना चालवणं मान्य केलं. इथल्या अर्जात हा दाखला जोडता येईल.

सीएनआयच्या मंडळ्यांना रोमची यादी लागू नाही. तिथे प्रेस्बिटर (पाळक) आणि पास्टोरेट कमिटी मिळून ठरवतात. सीएनआयचा जन्मच नागपूरचा: २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा चर्चसंस्था इथे एक झाल्या. अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट त्या ऐक्यात आले नाहीत, म्हणून त्यांची व्यवस्था आजही वेगळी.

प्रश्न: आमच्या इथं नाताळात दरसाली कीर्तन ठेवतो, पण पोट्टे अर्ध्यातूनच उठून जातेत. बुढे म्हणतेत पोट्टे बिघडले. मले वाटते आमचंच काही चुकते. कीर्तन कसं बसवाव? (मेकोसाबाग)

तुमचा संशय बरोबर वाटतो. ख्रिस्ती कीर्तन काल-परवाचं नाही. अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनमध्ये ते एकोणिसाव्या शतकातच उभं राहिलं आणि पुढे नारायण वामन टिळकांच्या पदांनी त्याला भरपूर सामग्री दिली. (धर्मांतराआधी काही काळ टिळक नागपुरात आप्पासाहेब बुटींकडे होते, हे इथल्या लोकांना क्वचितच ठाऊक असतं.) ते आजही चालतं, फक्त त्याचा बांधा सांभाळावा लागतो.

दीड तासाचं कीर्तन धरा. नमन आणि मूळ पद दहा मिनिटं. पूर्वरंग पंचवीस मिनिटं: मूळ पदातल्या एकाच विचाराचं निरूपण. मग नामगजर, पाच-सात मिनिटं. उत्तररंग चाळीस मिनिटं: आख्यान, म्हणजे गोष्ट. शेवटी पुन्हा मूळ पदावर येऊन आरती आणि प्रार्थना. घसरतं ते पूर्वरंगात. कीर्तनकार बहुधा पाळकच असतात, ते निरूपण म्हणून रविवारचा उपदेश करतात आणि तो पाऊण तास चालतो. गोष्ट सुरू होईपर्यंत साडेनऊ वाजलेले असतात, मग आख्यान पंधरा मिनिटांत गुंडाळलं जातं. पोरं ज्यासाठी बसली होती तेच त्यांना मिळत नाही.

आख्यान असं निवडा की त्यात माणसं एकमेकांशी बोलतात. योहान ४ मधली विहिरीवरची शोमरोनी बाई, लूक १५ मधला उधळ्या मुलगा. नाताळात हेरोद आणि मागी लोकांचा प्रसंग चांगला रंगतो, त्यात राजाचं कपट आहे. संवाद गद्यात, भावना साकी-दिंडीत आणि प्रवास किंवा धावपळ कटावात, हा जुना हिशेब अजूनही लागू पडतो.

संगीताची एक अडचण कुणी बोलत नाही. कीर्तनकार आपल्या गळ्याला सोयीची काळी दोन पट्टी घेतो, पदं छान होतात, पण नामगजरात मंडळी गप्प, कारण वरचा सूर कुणालाच झेपत नाही. तबला एकदा त्या पट्टीत लावला की मध्येच खाली उतरता येत नाही. म्हणून पट्टी आधीच मंडळीच्या गळ्याला जुळवा: आठवडाभर आधी सात-आठ बाया आणि सात-आठ पुरुषांना गजर म्हणायला लावा आणि सगळ्यांचा आवाज जिथे मोकळा निघतो तो सा धरा. कीर्तनकारानं तडजोड करावी. भजनी ठेका किंवा केरवा पुरतो. चार आवाजांत बसवलेलं विलायती चालीचं गीत कीर्तनाच्या मध्ये घुसवू नका, तबलजी हात बांधून बसतो आणि कार्यक्रमाची लय तुटते. ते गीत आरतीनंतर घ्या.

आणि पोरांनाच झांजा द्या. हातात झांज असलेला पोट्टा उठून जात नाही.

प्रश्न: प्रभुभोजनात गव्हाची भाकर आणि द्राक्षारस, दोन्ही आमच्या जंगलपट्ट्यातलं नाही. ज्वारीची भाकर आणि मोह का चालू नये? (रामटेक तालुका)

कॅथलिक चर्चमध्ये चालत नाही आणि यात कुणालाही सूट देता येत नाही, बिशपांनासुद्धा. चर्चच्या कायद्याचं कलम ९२४ सांगतं: भाकर फक्त गव्हाची आणि ताजी, द्राक्षारस द्राक्षाचाच आणि न बिघडलेला. २००४ मध्ये रोमनं ते पुन्हा बजावलं. ज्वारी, तांदूळ, नाचणी, मोह यांनी केलेला विधी वैधच धरला जात नाही. प्रोटेस्टंट मंडळ्यांत इतका कडक कायदा नाही, बहुतेक ठिकाणी न आंबवलेला द्राक्षरस वापरतात, पण तिथेही बदल आपापल्या चर्चसंस्थेला विचारूनच करावा.

याच्या मागचा वाद मात्र रास्त आहे. एक बाजू म्हणते, येशूनं आपल्या गावचं रोजचं अन्न उचललं, आम्हीही आमचं उचलावं. दुसरी म्हणते, ते अन्न आता त्या रात्रीशी बांधलेलं आहे, ते बदललं तर आठवणीचा धागा तुटतो. दुसऱ्या बाजूला वजन आहे. पण ती बाजू घेणाऱ्यांनी आदिवासी गावात निदान इतकं तरी करावं की अर्पणाच्या मिरवणुकीत प्लास्टिकची फुलं आणि दुकानातली केळी न आणता जे गाव खरोखर पिकवतं, वेचतं ते आणावं.

मोह यात अगदी बसतो. तो मार्च-एप्रिलमध्ये गळतो, म्हणजे बहुतेक वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात किंवा ईस्टरच्या आसपास. पहाटे झाडाखाली पडलेली ताजी फुलं आणायची असतील तर त्याच सकाळी वेचा, पसरट टोपलीत एकच थर ठेवा, वर ओलं फडकं टाकू नका. ढीग केला की दोन-तीन तासांत खालची फुलं चिकट होऊन आंबूस वास सुटतो, आणि बंद चर्चमध्ये तो वास कुणालाही दारूचाच वाटतो. त्यापेक्षा उन्हात वाळवून तांबूस-तपकिरी झालेली फुलं सोयीची. दारू आणू नका. गोंड पूजेत तिचं स्थान आहे हे खरं, पण ती अर्पणात ठेवली की दारूबंदी कायद्याचा प्रश्न येतो, शिवाय दारूनं उद्ध्वस्त झालेली घरंही त्याच बाकांवर बसलेली असतात.

प्रश्न: आमचं घर गोंड. आजोबांच्या वेळी बाप्तिस्मा झाला. भाऊबंद बडादेवाच्या पूजेला बोलावतात, चर्चमध्ये सांगतात जाऊ नका. हल्ली एक प्रचारक म्हणतात, लिंगो म्हणजे ख्रिस्ताचीच सावली. हे खरं मानावं का? (देवलापार)

आधी लिंगोचं, म्हणजे गोंडांच्या आद्य गुरूचं. ही तुलना कुठून येते ते पाहा. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आले. त्यांनी एका परधानाकडून, म्हणजे गोंडांच्या परंपरागत गायकाकडून, लिंगोचं गोंडी गीत उतरवून घेतलं. १८६३ मध्ये हिस्लॉप बुडून गेले आणि त्यांची टिपणं रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापली. त्या गीतात महादेव गोंडांना गुहेत कोंडतो. लिंगोनं ज्यांच्यासाठी कष्ट घेतले तेच त्याला मारतात. अमृतानं तो पुन्हा जिवंत होतो आणि मग कोंडलेल्या गोंडांना सोडवतो. ख्रिस्ती माणसाचे कान इथे टवकारणारच.

पण गीत तिथे थांबत नाही. लिंगो पुढे गोंडांची सगांमध्ये, म्हणजे कुळगटांमध्ये, वाटणी करतो, कुणी कुणाशी सोयरीक करायची ते लावून देतो, पेनांची, म्हणजे देवांची, पूजा घालून देतो. म्हणजे मरण आणि पुन्हा उठणं हा गीताचा एक टप्पा, आणि समाज बसवणं हा त्याचा गाभा. प्रचारक पहिला टप्पा उचलतात आणि गाभा टाकून देतात. दुसरं असं की हे गीत आजही जिवंत लोकांचं आहे. नागपूरचेच मोतीरावण कंगाली यांनी कोयापुनेमवर, म्हणजे गोंड धर्मावर, विस्तारानं लिहिलं, आणि त्या मांडणीत लिंगो एका पूर्ण धर्माचा संस्थापक आहे. तुमच्या भाऊबंदांना "तुमचा लिंगो म्हणजे आमच्या ख्रिस्ताची अर्धवट ओळख" असं सांगणं म्हणजे त्यांच्या घरात शिरून त्यांच्या देव्हाऱ्याला आपली पाटी लावणं. आणि हिस्लॉपना मिळालेलं रूप हे एका परधानाचं, एका काळातलं सांगणं. दुसऱ्या भागात लिंगोची कथा वेगळी ऐकू येते. इतक्या ठिसूळ पायावर सिद्धान्त उभारू नये. आमचं उत्तर: मानू नका.

आदिवासी ख्रिस्ती विचारवंतांनी दुसरी वाट धरली. रांचीचे दिवंगत निर्मल मिंज हे ओरांव समाजातले, नॉर्थ वेस्टर्न गोस्नर इव्हँजेलिकल लुथरन चर्चचे बिशप, कुडुख भाषेचे लेखक. त्यांच्यासारख्यांनी साम्यं शोधत बसण्याऐवजी गाव ज्यावर जगतं तिथून सुरुवात केली: जमीन, जंगल, पुरखे आणि सगळ्यांनी मिळून घेतलेला निर्णय. मग त्या जागेवर बसून बायबल वाचलं की वेगळेच प्रश्न पुढे येतात.

करून पाहायचं असेल तर १ राजे २१ घ्या, नाबोथाचा द्राक्षमळा. एकोणतीस वचनं आहेत, दीड तास पुरतो. चर्चच्या आत न बसता झाडाखाली बसा. एकदा वाचा, मग एखाद्या म्हाताऱ्या माणसाला तीच गोष्ट गोंडीत तोंडी सांगायला लावा. सांगताना काय गळतं आणि काय वाढतं ते नीट ऐका, चर्चा तिथूनच सुरू होते. मग विचारा: राजा मोबदला द्यायला तयार होता, तरी नाबोथ नाही का म्हणाला? पत्रं कुणी लिहिली आणि शिक्का कुणाचा होता? खोटे साक्षीदार कुठून आणले? गावातले वडीलधारे गप्प का राहिले? यानंतर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६अ समजावून सांगा, म्हणजे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाताना कुणाची मंजुरी लागते ते. एका बाईच्या हातात सातबारा असला तर तो सगळ्यांना दाखवा. हा अभ्यास फसतो तो चालवणाऱ्यामुळे: "लोभ वाईट" एवढं बोलून तो प्रार्थनेला उभा राहतो.

याहून अवघड प्रश्न बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा. गुलामांना सोडवणारा देव, हे दलित आणि गरिबांना जवळचं वाटतं. पण निर्गम ३:८ पूर्ण वाचा. दुधामधाच्या त्या देशात आधीच राहणाऱ्यांची नावं तिथे आहेत: कनानी, हित्ती, अमोरी, परिज्जी, हिव्वी, यबूसी. अमेरिकेतल्या ओसेज जमातीचे रॉबर्ट वॉरियर यांनी १९८९ मध्ये विचारलं की आम्ही मूळनिवासी या गोष्टीत स्वतःला शोधायला गेलो तर आम्ही कनानी ठरतो, मग हा देव आमच्याकडे कसा पाहतो? त्याआधी १९७३ मध्ये सू जमातीच्या वाइन डेलोरियांनी म्हटलं होतं की ख्रिस्ती विचार काळाभोवती फिरतो आणि आमची श्रद्धा जागेभोवती. हे केवळ पंडितांचे वाद नाहीत. १४५२, १४५५ आणि १४९३ च्या पोपच्या फर्मानांचा आधार घेऊन युरोपीय सत्तांनी जमिनी बळकावल्या, आणि त्या फर्मानांवर उभारलेला "शोधाचा सिद्धान्त" रोमनं ३० मार्च २०२३ रोजी औपचारिकपणे नाकारला. विस्थापनाच्या सावटाखालच्या गावात यहोशवाचं, म्हणजे कनान देश जिंकून घेतल्याचं, पुस्तक वाचणाऱ्यानं हे टाळून पुढे जाऊ नये.

राहिली पूजा. १ करिंथ १० मध्ये पौल दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो: भूतांच्या मेजाचा भागीदार होणं नको (वचन २१), पण कुणाच्या घरी जेवायला गेलात तर चौकशी न करता खा, आणि "हा नैवेद्य आहे" असं कुणी सांगितलं तर सांगणाऱ्याच्या मनासाठी खाऊ नका (२७-२८). आमचा सल्ला असा: जा. आठ दिवस आधी सगातल्या वडील माणसाला भेटून सांगा की जेवणाला, नाचाला, निर्णयाच्या बैठकीला मी आहे, अर्पण मी करणार नाही. बहुतेक माणसं हे समजून घेतात. ऐन पूजेत प्रसाद पुढे आल्यावर हात मागे घेणं मात्र कुणीच विसरत नाही.

प्रश्न: आरती, समई, भगवी वस्त्रं, संस्कृत श्लोक. देशी म्हटलं की हेच का? आमच्या आजी-आजोबांनी ज्याला कंटाळून चर्च धरलं तेच परत मागच्या दारानं? (इंदोरा)

या पत्रानं पहिल्या प्रश्नाच्या आमच्या उत्तरावर आधीच बोट ठेवलं आहे. देशीकरणाचे पहिले मोठे कारागीर कोण होते ते पाहिलं की उत्तर मिळतं. नीलकंठशास्त्री, म्हणजे नेहेम्या गोऱ्हे, काशीचे चित्पावन पंडित. ना. वा. टिळक चित्पावन. ब्रह्मबांधव उपाध्याय बंगाली ब्राह्मण. त्यांनी १८९९ मध्ये जबलपुरात नर्मदेकाठी ख्रिस्ती संन्याशांचा मठ काढायचा घाट घातला. तेव्हाचे नागपूरचे बिशप पेल्वा त्याला अनुकूल होते, पोपच्या प्रतिनिधीनं तो मोडीत काढला. ही माणसं मोठी होती. पण चर्चमध्ये बसणारे बहुसंख्य लोक त्यांच्या घरातले नव्हते, आणि "भारतीय" म्हणजे काय ते मात्र त्यांच्या घरावरून ठरलं.

अरविंद निर्मल यांनी १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजातल्या भाषणात हे उघड मांडलं आणि तिथून दलित ईश्वरविद्या नावारूपाला आली. त्यांचा आधार अनुवाद २६ मधला इस्राएलाचा कबुलीजबाब. तो देवाच्या गुणांपासून सुरू होत नाही, भटक्या बापापासून सुरू होतो. मग छळ, मग ओरडणं, मग सुटका. निर्मलांचं म्हणणं, दलित ख्रिस्ती माणसाचा कबुलीजबाबही त्याच्या स्वतःच्या मुळांपासूनच सुरू व्हायला हवा. त्यात वेदान्ताला फारशी जागा उरत नाही.

उपासनेत हे आणायचं म्हटलं की लोक डफड्याचं नाव काढतात. तामिळनाडूत थिऑफिलस अप्पावूंनी लोकचालींवर उपासना बांधली, तसं इथेही करता येईल. पण जपून. १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेनंतर नागपूर-विदर्भातल्या असंख्य कुटुंबांनी गावकीची कामं निर्धारानं सोडली. काहींना वेदीजवळ वाजलेलं डफडं आपलं वाटेल, काहींना तेच सक्तीच्या वाजवण्याची आठवण देईल. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना आधी विचारा, कार्यक्रम ठरवून मग विचारू नका. होकार आला तर वाजवण्याआधी पाचेक मिनिटं चामडं धगीवर शेकून घ्या. डिसेंबरच्या थंडीत किंवा पावसाळ्यात न शेकलेलं डफडं बद्द वाजतं. आणि वाजवणाऱ्याला पुढे बसवा. खांबामागे बसवून वाजवून घेतलं तर मूळ मुद्दाच बुडाला.

प्रश्न: ख्रिस्ती झाल्यावर जातीचा दाखला जातो का? (दोन पत्रं)

अनुसूचित जातीसाठी १९५० च्या आदेशात धर्माची अट आहे: मूळ हिंदू, १९५६ पासून शीख, १९९० पासून बौद्ध. ख्रिस्ती त्यात नाहीत. अनुसूचित जमातीच्या आदेशात धर्माची अटच नाही, म्हणून आदिवासी ख्रिस्ती झाल्यानं जमातीचा दर्जा त्या कारणानं जात नाही. प्रत्यक्षात अडतं ते कागदावर: मिशन शाळेच्या जुन्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये जातीच्या रकान्यात नुसतं "ख्रिश्चन" लिहिलेलं असतं. तेव्हा पडताळणी समितीपुढे जाण्याआधी आजोबा-पणजोबांचे १९५० पूर्वीचे महसुली कागद आणि कोतवाल बुकातल्या नोंदी काढून ठेवा.

प्रश्न: घरात मृत्यू झाला. नातेवाईक तेरवी करा म्हणतात. करावी का? (जरीपटका)

लोकांना जेवायला बोलावून आठवण काढायला कुठल्याच चर्चची हरकत नसते, पिंडदान करू नका. कॅथलिकांना तिसऱ्या, सातव्या, तिसाव्या दिवशी मिस्सा आणि २ नोव्हेंबरचा मृतांचा दिवस आहे. प्रोटेस्टंट बहुधा मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत, आभारप्रार्थना घेतात. तसबिरीला हार आणि नमस्कार याबद्दल शंका असेल तर लक्षात घ्या, चीनमधल्या पूर्वजांना वाकून मान देण्यावरची बंदी रोमनं १९३९ मध्येच उठवली. कर्ज काढून जेवणावळ घालू नका, हे आमचं.

प्रश्न: फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाचं उपवासकाळात पारायण करायचं आहे. किती दिवस लागतील? (सदर)

थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले आणि हे पुराण १६१६ मध्ये राशोलला रोमी लिपीत छापलं गेलं. पहिल्या पुराणात ३६ अवस्वर (अध्याय), दुसऱ्यात ५९, मिळून अकरा हजारांच्या आसपास ओव्या. म्हणजे एका अवस्वराला सरासरी एकशे पंधरा ओव्या पडतात. चालीवर म्हटलं तर मिनिटाला चार-पाच ओव्या होतात, एका अवस्वराला साधारण पंचवीस मिनिटं. राखेच्या बुधवारपासून, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवसापासून, पवित्र शनिवारपर्यंत रविवार धरून ४६ दिवस. सगळं पुराण बसवायचं तर रोज दोन अवस्वर आणि काही दिवशी तीन, म्हणजे रोजचा तास-सव्वा तास. हे पहिल्या वर्षी जमत नाही, दहाव्या दिवशी तीनच माणसं उरतात.

त्यापेक्षा पहिल्या वर्षी दुसऱ्या पुराणातला दुःखसहनाचाच भाग घ्या, ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारपासून रोज एक अवस्वर. देवनागरी प्रत शोधा. शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेली १९५६ मध्ये निघाली. भाषा सतराव्या शतकातली, मध्ये कोकणी वळणं आहेत, त्यामुळे नागपूरच्या कानाला पहिल्या दिवशी अर्धंच कळतं. रोज वाचनाआधी पाच मिनिटांत त्या दिवसाची गोष्ट साध्या बोलीत सांगा आणि मगच ओव्या सुरू करा. वाचून झाल्यावर अर्थ सांगत बसलात तर ऐकताना लोक हरवलेलेच राहतात. दोन वाचक ठेवा आणि दर पंचवीस ओव्यांनी बदला, नाहीतर एकाच आवाजात चाल खाली खाली येत जाते. वाचकांनी आदल्या संध्याकाळी एकदा मोठ्यानं वाचून यावं. अनोळखी शब्दावर अडखळलं की ओवी तिथेच मोडते.